कष्टाचे चीज

मराठीत चीज तीन प्रकारचे आहे. एक कष्टाचे होते, दुसरी गवई म्हणतो आणि तिसरे डब्यातून मिळते. पहिल्याची वाट पाहण्यात आयुष्य जाते, दुसरी ऐकण्यात रात्र जाते आणि तिसरे आणण्यात पगार जातो. हे तिन्ही जिथे एकत्र येतात त्या पदार्थाला चीजकेक म्हणतात. तो करायला कष्ट पडतात, त्यात चीज असतेच, आणि जमला तर करणारीच्या गळ्यातून एखादी चीज आपोआप निघते. पण बहुतेक वेळा ओव्हनचे दार उघडल्यावर चीज न निघता नुसते "अगंबाई!" निघते. कारण केकच्या बरोबर मधोमध, मे महिन्यात तळ्याच्या तळाला पडावी तशी लांबलचक भेग पडलेली असते.

ही भेग का पडते आणि ती कशी टाळावी, हे चार ओळींत सांगता येईल. पण आम्ही पडलो कॉमर्सचे विद्यार्थी. मागच्या पानावरची शिल्लक पुढे ओढल्याशिवाय आम्हाला नवे पान सुरू करता येत नाही. आणि या खात्याचे मागचे पान चांगले बावीसशे वर्षांपूर्वीचे आहे.

रोममध्ये कॅटो नावाचे एक कडक गृहस्थ होऊन गेले. जन्म ख्रिस्तपूर्व २३४, मृत्यू १४९. ख्रिस्तपूर्व १८४ मध्ये ते रोमचे सेन्सॉर झाले. हे सेन्सॉर सिनेमे कापत नसत, थेट माणसेच कापत. म्हणजे कुणाचे वागणे सैल दिसले की त्याला सिनेटमधून काढून टाकत. कार्थेज नावाच्या शहराचा नायनाट झाला पाहिजे, हे पालुपद विषय कोणताही असला तरी भाषणात आणण्याबद्दल ते प्रसिद्ध आहेत. अशा माणसाने ख्रिस्तपूर्व १६०च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिले. त्याच्या सुरुवातीलाच ते सांगतात की आमच्या पूर्वजांच्या कायद्यात चोराला दुप्पट दंड होता आणि व्याजाने पैसे देणाऱ्याला चौपट. बँकेत एकवीस वर्षे काढलेल्या माणसाने पुस्तक इथेच मिटायला हवे होते. पण नेटाने पुढे गेलो आणि गृहस्थ एकदम स्वयंपाकघरात शिरलेले दिसले.

कॅटोसाहेबांच्या या कृतीचे नाव साविलम. पीठ अर्धा पौंड, चीज अडीच पौंड, मध पाव पौंड आणि अंडे एक. रोमन पौंड आपल्या सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे चीज झाले आठशे ग्रॅम. सगळे एकत्र मळायचे, मातीच्या थाळ्याला तेल लावून त्यात घालायचे आणि वर मातीचे झाकण ठेवून भाजायचे. आपल्या आज्या नानकटाईसाठी 'खाली-वर विस्तव' ठेवीत, त्याच जातीचा प्रकार. भाजून झाले की वरून मध, त्यावर खसखस, आणि पुन्हा थोडा वेळ झाकणाखाली.

आता गंमत पाहा. या कृतीत कॅटो एकच ताकीद देतात. मधला भाग नीट भाजला गेला आहे ना हे बघा, कारण जाडी तिथे सर्वांत जास्त असते. बस्स! पृष्ठभाग गुळगुळीत हवा, तडा जाता कामा नये, पाहुणे काय म्हणतील, यातले एक अक्षरही नाही. ज्या माणसाने अख्ख्या रोमच्या वागणुकीतल्या भेगा शोधण्यात हयात घालवली, त्याने केकच्या भेगेकडे डोळेझाक केली. अर्थात भाजायला तो स्वतः थोडाच बसत होता! त्याच्या शेतावर स्वयंपाकाची जबाबदारी कारभाऱ्याच्या बायकोवर, आणि ती बिचारी गुलाम. कृतीला नाव कॅटोचे आणि चटके तिला. तिचे नाव काय होते, ते त्याने लिहून ठेवलेले नाही.

यानंतर पंधराशे वर्षे एका उडीत ओलांडू. इंग्लंडात दुसऱ्या रिचर्ड राजाच्या मुदपाकखान्यातल्या आचाऱ्यांनी १३९०च्या सुमारास पाककृतींचा संग्रह केला. त्यात 'सॅम्बोकेड' नावाचा प्रकार आहे. नासवलेले दूध पिळून त्यातले पाणी काढायचे, ते गाळणीतून घासून घ्यायचे, त्यात साखर, अंड्यातले पांढरे आणि एल्डर नावाच्या झाडाची फुले घालायची, वर गुलाबपाणी, आणि सगळे पिठाच्या पारीत भाजायचे. फडक्यात दही टांगून चक्का करणारी आणि तो पुरणयंत्रातून काढणारी कुठलीही मराठी गृहिणी या आचाऱ्यांच्या हाताखाली तासाभरात रुळली असती. किती वेळ भाजायचे आणि किती आचेवर, याचा मात्र पत्ता नाही. पत्ता असणार कसा? भट्टीत हात घालून चटका किती वेळ सोसतो ते पाहायचे, नाहीतर पांढरा कागद आत टाकून तो किती लवकर तपकिरी होतो ते पाहायचे, अशी आच मोजण्याची रीत पुढेही कित्येक शतके चालू होती. आणि चीज तर असे रवाळ की त्यावर भेग पडली काय आणि न पडली काय! खडीच्या रस्त्यावर खड्डा कोण शोधतो?

रस्ता डांबरी झाला तो १८७२ साली. न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावी विल्यम लॉरेन्स नावाचा दुग्धव्यावसायिक नफशातेल हे फ्रेंच चीज करू पाहत होता. त्यात त्याने साय जास्त घातली आणि लोण्यासारखे मऊ क्रीम चीज तयार झाले. १८८० मध्ये ते फिलाडेल्फिया या नावाने विकायला सुरुवात झाली. चीज न्यूयॉर्क राज्यातले, पण चांगल्या दुधातुपाबद्दल नाव फिलाडेल्फियाचे, म्हणून वेष्टनावर फिलाडेल्फिया. ज्या देशात कोल्हापुरी मिसळ कोल्हापूर सोडून सर्वत्र मिळते, तिथल्या वाचकांना हे विस्ताराने सांगायला नको.

केकच्या तळाची कथा याहून मजेदार. अमेरिकेत बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून तळाशी दाबतात. ती बिस्किटे 'ग्रॅहम क्रॅकर'. हे सिल्वेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) म्हणजे एक धर्मोपदेशक. मांस नको, मद्य नको, मसाले नकोत, पांढरे पीठ नको, चमचमीत खाण्याने मनोविकार बळावतात, सबब जाड्याभरड्या कणकेची भाकरी खा आणि शांत झोपा, असा त्यांचा उपदेश होता. त्यांच्या नावाचे बिस्कीट आज लोण्यात लडबडून, डोक्यावर किलोभर चीज आणि साखर घेऊन उभे आहे. एखाद्या ब्रह्मचारी सत्पुरुषाचे नाव परमिट रूमला द्यावे, तशातला प्रकार.

क्रीम चीज आले आणि पृष्ठभाग आरशासारखा झाला. पाठोपाठ १९२३ साली ब्रिटनमध्ये 'न्यू वर्ल्ड' गॅस कुकरला 'रेग्युलो' नावाची आच आपोआप राखणारी कळ बसली. झाले! कागद तपकिरी करण्याचे दिवस संपले आणि सबबही संपली. आच यंत्राच्या ताब्यात आली, तेव्हा यापुढे भेग पडली तर चूक बाईची, असे ठरून गेले. माझ्या मते चीजकेकच्या भेगेची लाज ही पुरती शंभर-सव्वाशे वर्षांची आहे. भेग रोमइतकी जुनी असेल. लाज मात्र यंत्राबरोबर आली.

आता ती पडते का, ते पाहू. पहिली गोष्ट म्हणजे चीजकेक हा केक नव्हेच. तो कस्टर्डच्या कुळातला. त्याला धरून ठेवतात ती अंड्यातली प्रथिने. मधला भाग ६५ ते ७० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचला की ती हात धरून उभी राहतात. त्यापुढे आच देत राहिलात की हात आवळत जातात, पाणी पिळून निघते आणि अंग आकसते. शिवाय ओव्हनमध्ये काठ आधी शिजतो आणि डब्याला चिकटतो. मग थंड होताना मधला भाग आकसू लागतो, पण काठ डबा सोडायला तयार नाही. एकत्र कुटुंबात थोरला घर सोडत नाही आणि धाकटे रोज थोडे थोडे दूर सरकतात, तेव्हा जे होते तेच इथे होते. ताण जिथे असह्य होतो तिथे तडा जातो. त्यातून मिश्रण फार फेटले असेल तर आत हवा कोंडते. ती तापली की केक पुरीसारखा फुगतो, आणि फुगलेले सगळे एक दिवस बसतेच.

म्हणून जाणत्या बायका काय करतात? चीज आणि अंडी दोन तास आधी बाहेर काढून ठेवतात, म्हणजे गुठळ्या मोडायला फेटाफेटी लागत नाही. अंडी शेवटी, एकेक करून आणि हलक्या हाताने. चमचाभर कॉर्नफ्लोअर घालतात, ते प्रथिनांना फार आवळू देत नाही. डब्याच्या कडांना लोणी चोपडतात. मग त्या डब्याला बाहेरून फॉइल गुंडाळून गरम पाण्याच्या परातीत बसवतात आणि ओव्हन १५०-१६० अंशांवर ठेवतात.

या परातीच्या पाण्याला पाश्चात्त्य लोक 'बॅं-मारी' म्हणतात, म्हणजे मारीचे स्नान. ही मारी पुरातन इजिप्तमधली एक ज्यू किमयागार बाई. इसवी सन ३००च्या सुमारास झोसिमस नावाच्या लेखकाने तिचा हवाला दिला आहे आणि हे उपकरण परंपरेने तिच्या नावावर जमा आहे. तत्त्व साधे आहे. आच कितीही असो, पाणी काही १०० अंशांपुढे जात नाही. कॅटोच्या शेतावरल्या बाईचे नाव राहिले नाही, पण हिचे राहिले. खरवसाचे भांडे कुकरातल्या पाण्यात शिट्टी न लावता ठेवणाऱ्या आपल्या आज्यांनी मारीचे नाव ऐकले नव्हते. पण आच वाढली की खरवसाला जाळी पडते आणि पाणी सुटते, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

काठ बसला आणि मधला वाटीएवढा भाग डबा हलवताच थरथरला, की ओव्हन बंद करायचा. इथेच माणसाची परीक्षा असते. मन म्हणते, अजून कच्चा आहे, पाच मिनिटे ठेवू. ती पाच मिनिटेच घात करतात, कारण आतल्या उष्णतेने मधले शिजणे पुढे चालूच राहते. दार किंचित उघडे ठेवून तासभर केक आतच राहू द्यायचा. बाहेर काढला की पातळ सुरी कडेने फिरवून काठ मोकळा करायचा, आणि पूर्ण निवल्यावर रात्रभर फ्रिजमध्ये. म्हणजे भेग नुसती आगीने पडत नाही. निम्मा घात आग ओसरल्यावर घाई केल्याने होतो. घरातल्या भांडणांचेही बहुधा असेच असते.

हे सगळे करूनही भेग पडते. सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आमच्या सौ.ने चीजकेक केला. चक्का टांगण्यापासून तीन दिवसांची तयारी. केक निघाला तो मधोमध चिरून. दिवाणखान्यात बारा माणसे बसलेली आणि ही स्वयंपाकघरात केकपाशी उभी. "तो बाहेर आणायचा नाही," म्हणाली, आणि मला आइस्क्रीम आणायला पिटाळले. मी परत आलो तर सासूबाई ओट्याशी उभ्या राहून भेगेतून चमच्याने केक खात होत्या. "अगं, चाळीस वर्षं पोळी फुगली नाही की ती मीच खायची आणि फुगलेली तुम्हाला वाढायची. आज पंचाहत्तरीला तरी मला बाहेर बसून खाऊ दे," त्या म्हणाल्या. सौ. काही बोलली नाही. केक तसाच बाहेर नेला.

भेगेवर महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या मांडून ती झाकता येते. आंबट साय ओतूनही झाकतात. आमच्या धंद्यात ३१ मार्चला ताळेबंदावर अशाच स्ट्रॉबेऱ्या मांडतात, त्याला विंडो ड्रेसिंग म्हणतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे खरे. पण ती मूठ आयुष्यभर आवळून धरणाऱ्या हातांना कळ लागते, ही नोंद कुठल्याच ताळेबंदात सापडत नाही.

भेगेचा निकाल लावला तो स्पेनमधल्या सॅन सेबास्टियनच्या 'ला विन्या' या उपाहारगृहाने. तिथल्या सान्तियागो रिवेरा यांनी १९९०च्या सुमारास तळाला बिस्कीट नसलेला चीजकेक चांगल्या धगधगत्या ओव्हनमध्ये भाजला. वरून काळा, कडेने वेडावाकडा, आत मऊ लुसलुशीत. पाण्याची परात नाही, मारी नाही. पुढे हा करपलेला केक जगभर गेला आणि मोठमोठ्या हॉटेलांत मुद्दाम करपवला जाऊ लागला. आमच्या घरी जे झाकतात, ते तिथे नाव देऊन विकतात.

कॅटोच्या कृतीतली शेवटची सूचना मी मुद्दाम मागे ठेवली होती. ते म्हणतात, साविलम थाळ्यातच ठेवून वाढा, सोबत चमचा द्या. म्हणजे काढायचा नाही, उलटा करायचा नाही, कापून कुणाला दाखवायचाही नाही. मधला भाग शिजला असला की काम झाले. चमचा आत गेला की पहिली भेग खाणाराच पाडतो, आणि त्यानंतर आधीची कोणती होती, ते सेन्सॉरलासुद्धा सांगता येत नाही.