फाळके यांची अंधारखोली आणि सरस्वतीबाईंचे रसायनकार्य

भारतीय चित्रपटाच्या इतिहासलेखनात दादासाहेब फाळके यांची जिद्द व कर्जबाजारीपणा यांची चर्चा विपुल झाली आहे. तथापि 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) ज्या द्रावणातून प्रथम दृश्यमान झाला, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष अभावानेच गेलेले दिसते.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) जिल्ह्यास लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेल्या फाळके यांना छायाचित्रणाचे रसायनशास्त्र बडोद्याच्या कलाभवनात प्राप्त झाले. तेथील प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनज्ञ होते. १९१२ मध्ये लंडनहून परतताना फाळके यांनी विल्यमसन कॅमेरा व फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र मागविण्याची व्यवस्था केली. पुढे दादरच्या राहत्या घरातच त्यांनी अंधारखोली उभारली. कच्ची फिल्म छिद्रांविना येई. रात्री अंधारात तिला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे व फिल्म धुणे ही कामे पत्नी सरस्वतीबाई शिकल्या व करू लागल्या.

हे काम किती नाजूक असते, हे विकासक द्रावणाच्या घडणीवरून ध्यानी येते. मेटॉल व हायड्रोक्विनोन ही द्रव्ये प्रकाश पडलेल्या रौप्यक्षाराचे धातुरूप चांदीत रूपांतर करतात. सोडियम सल्फाइट त्यांना हवेपासून जपतो, कार्बोनेट क्रियेस वेग देतो, तर पोटॅशियम ब्रोमाइड प्रकाश न पडलेला भाग काळवंडू देत नाही. येथे क्रमालाही महत्त्व आहे. सल्फाइटच्या तीव्र द्रावणात मेटॉल सहज विरघळत नाही, म्हणून ते आधी घालावे लागते. द्रावणाचे तापमान साधारणतः २० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. मुंबईच्या उन्हाळ्यातील पाण्याने फिल्मवरील जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो. एवढ्या दक्षतेच्या कामास 'साहाय्य' म्हणून संबोधणे अपुरे आहे.

याच चित्रपटात तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली, कारण पडद्यावर येण्यास स्त्री मिळेना. पडद्यामागे मात्र त्याची प्रतिमा उजळविणारे हात स्त्रीचे होते, ही विसंगती चरित्रकारांनी कौतुकाने नोंदवून सोडून दिली आहे. श्रमाचा इतिहास म्हणून तिचा विचार झालेला नाही.

मूळ सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटाचे केवळ पहिले व अखेरचे रीळ उपलब्ध असून, तीही १९१७ च्या पुनर्निर्मितीतील असावीत असे काही संशोधकांचे मत आहे.