चोर सोडून संन्याशाला सुळी

आमच्या कोळगावात पोरे क्रिकेट खेळायला जमली की 'मंकड नाही हं!' असे आधीच ठरते. विनू मंकड कोण, हे मात्र कित्येकांना ठाऊक नसते. मुंबईकडून रणजी खेळलेला हा थोर अष्टपैलू. त्याचे नाव शिवीसारखे वापरतात, म्हणून हा लेखनप्रपंच.

१९४७ साली आपला संघ ऑस्ट्रेलियात होता. सिडनीच्या एका सामन्यात गोलंदाजाच्या बाजूला उभा असलेला बिल ब्राउन चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून निघे. मंकडने आधी ताकीद दिली, मग धावबाद केले. १३ डिसेंबरला तिथल्याच कसोटीत ब्राउन पुन्हा तसाच बाद झाला.

बेसबॉलमध्ये बेस चोरणे हा रीतसर डावपेच. त्या वेळी बॅटर पुढे येऊन कॅचरच्या फेकीच्या आड आला, तर त्याच्या मनात काय होते हे पंच विचारत नाही. अडथळा झाला का, एवढेच पाहतो. सिडनीच्या पंचापुढेही प्रश्न एवढाच होता, फलंदाज क्रीजमध्ये होता की बाहेर? मंकडच्या मनाचा न्यायनिवाडा केला तो इतरांनी!

प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी पुढे आपल्या पुस्तकात मंकडचीच बाजू घेतली. तरी नाव चिकटले ते चिकटलेच. गावसकरांनीही त्याला हरकत घेतली. अखेर ऑक्टोबर २०२२ पासून हा प्रकार 'अनुचित खेळा'च्या नियमातून काढून साध्या 'धावबाद'मध्ये घातला गेला.

तोवर पंचाहत्तर वर्षे होत आली होती. धाव चोरणाऱ्याच्या नावाने मात्र कुणी काही म्हणत नाही.