गरिबांच्या जळणाची दहा एकर जमीन

स्मरणिकेसाठी इतिहासाचे काही लिहा, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मला हसू आले. मी सातवी पास बाई. इतिहास म्हणजे शिवाजीमहाराज आणि पानिपत, एवढाच माझ्या डोक्यात राहिलेला. परंतु मागल्या हिवाळ्यात भाचीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने लंडनजवळ राहून आले. तेथे जो इतिहास माझ्या पुढ्यात आला तो निघाला चुलीचा, आणि चुलीविषयी बोलावयास सातवी पुरते.

भाचीचे बिऱ्हाड हॅम्प्टन येथे आहे. आठव्या हेन्री राजाचा राजवाडा तेथेच, थेम्स नदीच्या काठी. त्या थंडीत घर गरम ठेवणे म्हणजे आपल्यासारखी अंगणातली शेकोटी नव्हे. खोलीखोलीत भिंतीला रेडिएटर असतात, त्यांतून तापलेले पाणी फिरते आणि ते तापवावयास गॅस जळतो. गॅसचे बिल आले की चांगल्या पगारदाराचाही चेहरा उतरतो.

शेजारी एक सत्तरीपुढच्या आजी एकट्या राहतात. घरातही त्या कोट घालून बसत आणि एकाच खोलीत ऊब ठेवीत. एके दिवशी आम्ही डिंकाचे लाडू घेऊन गेलो, तर सगळे घर उबदार! भाचीने सहज विचारले, तेव्हा आजींनी खाली बघून सांगितले की बिलासाठी गावच्या एका धर्मादाय संस्थेची मदत मिळाली. दोन हिवाळे अर्ज घरात पडून होता, पण भरवत नव्हता. भीक मागितल्यासारखे वाटे. बाईची जात, देश कोणताही असो, मान सारखीच!

त्या संस्थेचे आताचे नाव हॅम्प्टन फंड. पण जुन्या नावाचा अर्थ भाचीने सांगितला तो असा, की गरिबांच्या जळणासाठी वेगळ्या काढलेल्या जमिनीचा धर्मादाय. मी म्हटले, जळणाला जमीन कशाला? मग भाचीने बाळ झोपले की वाचून सांगायचे आणि मी ऐकायचे, असा आमचा उद्योग सुरू झाला.

हॅम्प्टनच्या बाजूला पूर्वी हौन्स्लो हीथ नावाचे अफाट माळरान होते. आपली माणसे ज्या हीथ्रो विमानतळावर उतरतात, ते नावही त्या माळाच्या काठच्या एका वाडीचे. इंग्लंडात अशा माळांवर गावकऱ्यांची वहिवाट असे. गाय चारावी, काटक्या वेचाव्या, झुडपे तोडावी, जळणासाठी जमिनीची ढेपळे कापून वाळवावी. कागदावर जमीन जमीनदाराची, पण चुलीचा हक्क गावाचा. हे काम पुष्कळ ठिकाणी बायकापोरांचेच होते, हे सांगावयास नकोच.

अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढे शंभर वर्षे पार्लमेंटने गावोगावचे कायदे करून हे माळ वाटून टाकले. ज्याचा जमिनीवर लेखी हक्क त्याला मोठा तुकडा, मग कुंपण. ज्या झोपडीचा हक्क नुसत्या वहिवाटीचा, तिच्या हाती बहुधा काहीच नाही. कालपर्यंत जे वेचणे होते ती आज चोरी झाली. कुंपणाच्या काटक्या मोडल्या म्हणून बायकांना शिक्षा होत.

बर्कशायर परगण्यातल्या बार्कहॅम गावचे पाद्री डेव्हिड डेव्हिस यांनी 1795 साली शेतमजुरांवर एक पुस्तक छापले. त्यात मजुरांच्या घरचा जमाखर्च मांडला आहे. पाद्रीबाबांनी जळणसुद्धा धरले, म्हणून मला त्यांचा आदर वाटला. हिशेब लिहिणारे पुरुष धान्य धरतात आणि जळण विसरतात. माळ मोकळा असेल तर आठवडाभराच्या कष्टात घराला जवळजवळ वर्षाचे जळण कापून होते, आणि विकत घ्यावयाचे तर मजुराचे कंबरडे मोडते, असे त्यांचे म्हणणे. दोन वर्षांनी, 1797 साली, फ्रेडरिक ईडन यांनीही गरिबांविषयी तीन मोठे ग्रंथ काढले. त्यांत उत्तरेची आणि दक्षिणेची तुलना आहे. उत्तरेकडे कोळसा स्वस्त, म्हणून तिथली बाई ओटची लापशी आणि सूप घरी शिजवी. दक्षिणेत जळण महाग, म्हणून विकतचा पाव आणि पाणचट चहा. सुखवस्तू लोक वर म्हणत, या बायका आळशी, चहाची चैन करतात! डेव्हिस यांनी साफ सांगितले की चहा हे दारिद्र्याचे कारण नव्हे, परिणाम आहे. ज्या घरात डाळ शिजेपर्यंत स्टोव्ह टिकत नाही, त्या घरात चहापाव का खातात, हे आपल्यापैकी कित्येकींना पाद्रीबाबांवाचूनही ठाऊक आहे.

माळ वाटताना कुठे कुठे एक तुकडा गरिबांच्या जळणासाठी म्हणून बाजूला काढीत. हॅम्प्टनला 1811 च्या कायद्यान्वये असा सुमारे 10 एकरांचा तुकडा निघाला. अशा जमिनी बहुधा खंडाने देत आणि त्या पैशाचा कोळसा घेऊन हिवाळ्यात वाटीत. वाटणारे कोण? पाद्री, जमीनदार, मोठे शेतकरी. म्हणजे ज्यांच्याकडे माळ गेला तेच. कित्येक गावी बाई सद्वर्तनी आहे ना, हे पाहून कोळसा देत. हक्क गेला आणि दान आले, ते असे.

तरीही त्या 10 एकरांची मौज ऐका. ती जमीन मोडली नाही. 1988 साली सेन्सबरी कंपनीने मोठ्या दुकानासाठी ती विकत घेतली आणि संस्थेला 2 कोटी पौंडांहून अधिक रक्कम मिळाली. तिच्या उत्पन्नातून आजही आजूबाजूच्या गरीब घरांना गॅस-विजेच्या बिलासाठी मदत होते. त्याच दुकानात मी बाळंतिणीसाठी बदाम घेत होते, आणि पायांखाली काय आहे याची दाद नव्हती. सरकारनेही 1997 पासून म्हाताऱ्यांना हिवाळी जळणाचा भत्ता सुरू केला. 2024 साली तो बहुतेकांचा बंद केला, ओरड झाल्यावर 2025 साली पुष्कळांना परत दिला. जमिनीचा पैसा मात्र अशा हेलकाव्यात सापडला नाही.

ऐकता ऐकता मला माझी आजी दिसू लागली. आमच्या गावाबाहेरच्या माळावर ती मला घेऊन गोवऱ्या आणि काटक्या वेची. एके वर्षी तेथे तारेचे कुंपण पडले. राखणदाराने आजीची मोळी सोडावयास लावली. ती काही बोलली नाही. घरी येऊन तिने त्या दिवशी भाकऱ्या थापल्याच नाहीत, कालच्याच दिल्या. आम्हाला त्या मोळीबद्दल कोणी एक एकरही काढून ठेवला नाही.

निघण्याच्या आधी मी शेजारच्या आजींकडे गेले आणि भाचीकरवी ही सगळी हकीकत त्यांना सांगितली. माळ, कुंपण, 10 एकर, सगळे. जन्म त्याच गावात गेला, पण त्यांना ती ठाऊक नव्हती. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पणजीच्या काटक्यांचे पैसे म्हणायचे का हे?" मी म्हटले, "तसेच समजा." त्यांनी उठून चहाचे आधण ठेवले आणि पुढच्या हिवाळ्याचा अर्ज कधी निघतो ते भाचीकडून भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहून घेतले.