लिनक्सवर गेम चालतो का? हे सांगणाऱ्या स्वयंसेवकांमध्ये सामील कसं व्हायचं?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ अधिकृतपणे टाकताच येत नाही. अशा वेळी लिनक्स हा चांगला पर्याय आहे, पण प्रश्न येतो तो गेम्सचा. "माझा गेम चालेल का?" याचं उत्तर कुठलीही कंपनी सगळ्या गेम्ससाठी आणि सगळ्या मशीनसाठी देऊ शकत नाही. ते उत्तर देतात तुमच्या-आमच्यासारखे गेमर, तेही फुकट. या कामात तुम्हीही हातभार लावू शकता, आणि त्यासाठी कोडिंग यायलाच हवं असं नाही.

आधी थोडं समजून घेऊ

विंडोजसाठी बनलेला गेम लिनक्सला थेट समजत नाही. त्यासाठी मधे एक दुभाषा लागतो. १९९३ मध्ये सुरू झालेला 'वाईन' हा मुक्त प्रकल्प हेच काम करतो. वाईनवर आधारित 'प्रोटॉन' हे साधन व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीममध्ये आणलं. गेमने डायरेक्टएक्सच्या भाषेत दिलेले ग्राफिक्सचे आदेश 'डीएक्सव्हीके' वल्कनमध्ये बदलतं. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं गेमिंग मशीनसुद्धा याच जोरावर विंडोजचे गेम चालवतं.

तरीही प्रत्येक मशीन वेगळं. ग्राफिक्स कार्ड, ड्रायव्हर, प्रोटॉनची आवृत्ती, यातलं काहीही बदललं की निकाल बदलू शकतो. म्हणूनच खऱ्या मशीनवरच्या खऱ्या अनुभवांना इतकी किंमत आहे.

सुरुवात कुठून करायची?

'प्रोटॉनडीबी' इथून. व्हॉल्व्हशी संबंध नसलेला हा स्वतंत्र, सामूहिक उपक्रम आहे. इथे खेळाडू आपापले अनुभव नोंदवतात आणि त्यावरून गेमला दर्जा मिळतो:

- प्लॅटिनम: काहीही न बदलता नीट चालतो
- गोल्ड: थोड्या सेटिंग्ज बदलल्यावर नीट चालतो
- सिल्व्हर: छोट्या अडचणी आहेत, पण खेळता येतो
- ब्रॉन्झ: चालतो, पण वारंवार बंद पडतो किंवा खेळताना त्रास होतो
- बोर्क्ड: सुरूच होत नाही किंवा खेळण्यालायक नाही

रिपोर्ट असा द्या:

१. तुमच्याकडे असलेला गेम लिनक्सवर निदान तास-दीड तास खेळा. फक्त मेन्यू उघडला म्हणजे गेम 'चालला' असं नाही.
२. स्टीमच्या 'हेल्प' मेन्यूतून सिस्टिम इन्फर्मेशन कॉपी करा.
३. प्रोटॉनडीबीवर स्टीम खात्याने लॉगिन करा, ती माहिती पेस्ट करा आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्या.

चांगला रिपोर्ट म्हणजे कसा?

"मस्त चालतो भावा" हे वाचून कुणाला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: "८ जीबी रॅम, इनबिल्ट ग्राफिक्स. पहिल्या लेव्हलला सावल्या लुकलुकत होत्या, प्रोटॉन एक्सपेरिमेंटल निवडल्यावर थांबल्या. दोन तासांत एकदाही बंद पडला नाही. ऑनलाइन मोड तपासला नाही." जे तपासलं नाही तेही सांगणं महत्त्वाचं.

कारण तुमचा रिपोर्ट वाचून कुणीतरी पॉकेटमनीतून गेम विकत घेणार आहे, ५०-६० जीबी डेटा खर्च करणार आहे. स्टीमवर साधारणपणे खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच पैसे परत मिळतात. गेलेला डेटा मात्र परत येत नाही.

प्रचार करा, पण खोटा नको

लिनक्सच्या प्रेमापोटी "सगळं चालतं" असं सांगू नका. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही, कारण त्याची व्हॅनगार्ड ही अँटी-चीट यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करते. एपेक्स लेजेंड्स लिनक्सवर चालायचा, पण २०२४ मध्ये कंपनीने तो बंद केला. मित्र रोज हेच गेम खेळत असेल तर त्याला स्पष्ट सांगा: "विंडोज काढू नकोस, लिनक्स शेजारी टाकून बघ." खोट्या आशेवर आलेला माणूस दोन दिवसांत वैतागून परत जातो आणि दहा जणांना नको म्हणून सांगतो.

पीसी नाही, फक्त फोन आहे?

तरीही काम आहे. 'सुपरटक्सकार्ट' हा रेसिंग गेम आणि 'लुआंटी' (२०२४ पर्यंतचं नाव माइनटेस्ट) हे दोन्ही मुक्त आहेत आणि अँड्रॉइडवरही चालतात. खेळा, बग सापडला तर कळवा. लुआंटीचं भाषांतर वेबलेटवर होतं, ते फोनच्या ब्राउझरमधूनही करता येतं. मराठीसाठी रोज दहा ओळी केल्या तरी चालतील. फक्त बटणावर मावेल असा छोटा, बोलण्यातला शब्द निवडा.

तीन गोष्टी लक्षात ठेवा

- बग कळवण्याआधी तो कुणी आधीच नोंदवला आहे का, ते शोधा.
- लॉग फाइलमध्ये तुमचं युजरनेम असू शकतं. पाठवण्याआधी एकदा नजर फिरवा.
- पायरेटेड कॉपीवरचे रिपोर्ट देऊ नका. त्यातल्या फाइल्स बदललेल्या असू शकतात, त्यामुळे निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

आज फक्त एकच गेम निवडा आणि त्याचा एक प्रामाणिक रिपोर्ट लिहा. तुमच्यासारखाच लॅपटॉप असलेल्या कुणाला तरी नेमका त्याचाच उपयोग होईल.