व्होल्तेरचे लांब हात

फ्रेंच विचारवंत व्होल्तेर १७७८ साली वारला. गोव्याच्या जुन्या घरांतले आजोबा मात्र दुपारची पेज आटोपली की अजून त्याच्यावरच कलंडतात. सासष्टीतल्या एका घरी बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, मला आग्रह झाला, "वोल्तेरार बसात." वळून बघतो तर आमच्या वरठीच्या छपरीतली आरामखुर्ची! वेताचं विणकाम, मागे रेललेली पाठ आणि हातांच्या खालून फिरून पुढे येणाऱ्या दोन लांब पट्ट्या, पाय टाकून पडायला. तिकडची शिसवी, आमची सागवानी, एवढाच काय तो फरक. आमच्या घरी तिला 'ठेसनातली खुर्ची' म्हणत, कारण आजोबांनी ती रेल्वेच्या भंगार-लिलावातून उचलली होती. तेव्हापासून हे नातं कुठे जुळतं, याचा नाद लागला.

वरठीचं स्टेशन म्हणजे भंडारा रोड. भंडारा शहर लोहमार्गापासून बाजूला राहिलं आणि 'रोड' आमच्या वाट्याला आला. नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटरगेजवरून १८८२ मध्ये राजनांदगावला पोचली. १८८७ साली निघालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती ताब्यात घेऊन रूळ रुंद केले. रेल्वेमागून वेटिंग रूम आल्या आणि वेटिंग रूममागून ही खुर्ची आली. आमच्या खुर्चीच्या बैठकीखाली आडव्या पट्टीवर बी. एन. आर. ही अक्षरं लाकडात ठोकलेली आहेत, बोट फिरवलं की लागतात.

हल्ली जुनी 'क्लब चेअर' घरात आणायची म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे चामड्याची गुबगुबीत खुर्ची येते. तिची कथा सर्वश्रुत आहे: लंडनचे क्लब, बैठकीत स्प्रिंगा, मग १९२० नंतरचं पॅरिस. वैदर्भीय मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, त्या चामड्याला उघडी पाठ लावून बघा. आपल्याकडच्या क्लबांच्या व्हरांड्यात, डाकबंगल्यात, मळेवाल्यांच्या बंगल्यांत वेताचीच खुर्ची चालली, आणि आपल्या हवेत क्लब चेअर म्हणावी ती हिलाच. साहेबलोकांनी हिला मुंबईचं नाव जोडून एक चावट टोपणनावही दिलं होतं. ते इथे नको.

तर आधी व्होल्तेर. फ्रान्समध्ये उंच पाठीची, बैठक ठेंगणी असलेली एक गादीची खुर्ची एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निघाली आणि तिला व्होल्तेरचं नाव चिकटलं. स्वतः व्होल्तेर त्या घडणीच्या खुर्चीत बसणं शक्यच नव्हतं, तो जाऊन अर्धं शतक होत आलं होतं. पोर्तुगिजांनी ते नाव उचललं आणि तसंच गोव्यात उतरवलं. नाव आलं, घडण आली नाही. ना गादी, ना ती उंच पाठ. चर्चची आयुष्यभर टर उडवणाऱ्या माणसाच्या नावावर रेलून कॅथलिक भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, पिढ्यांनी जपमाळ ओढली, हा विनोद त्याला स्वतःला फार आवडला असता.

इथे एक प्रतिस्पर्धी उपपत्ती मांडता येते आणि ती फार मोहक आहे. पोर्तुगिजात 'व्होल्तार' म्हणजे वळणं, फिरणं. या खुर्चीचे हात फिरतात, मग वोल्तेर म्हणजे फिरत्या हातांची, असं का नसावं? ती टिकत नाही याचं कारण खुद्द पोर्तुगालात सापडतं. तिथे ज्या खुर्चीला व्होल्तेर म्हणतात तिचे हात जागचे हलत नाहीत. शिवाय गोव्यातही पक्क्या, न फिरणाऱ्या लांब हातांच्या खुर्च्या आहेत आणि त्याही वोल्तेरच. नाव फ्रेंच माणसाचंच, यात मला आता शंका नाही.

मग हे हात कुठून आले? ठरलेलं उत्तर असं, की मळ्यावरून घोडा दौडवत आलेला साहेब पाय वर टाकी आणि नोकर बूट ओढून काढी. ऐकायला झकास, पण बूट काढायला तिपाई पुरते. त्यासाठी कोणी खुर्चीचे हात दीड हात लांब करत नाही. दुसरं उत्तर मेक्सिकोच्या कांपेचेकडे बोट दाखवतं. तिकडची चामड्याच्या झोळीची कलती खुर्ची अमेरिकेत गेली, माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसन म्हातारपणी तिच्यावर खूश होता. पाठीचा उतार जुळतो, हे कबूल. पण तिला पाय ठेवायची सोयच नाही, आणि आपला सगळा वाद पायांचा आहे.

माझं मत असं: पक्के लांब हात हे मळ्याचं आणि भाटकाराच्या घराचं काम, तर फिरते हात छावणीचं. ज्या सुताराला रुंद ओसरीत ठेवायची खुर्ची करायची असेल तो एकच लांब फळी लावून मोकळा होईल. त्यात बोल्ट बसवून ती आत वळवायची खटपट त्यालाच सुचते, ज्याला सामान आटोपशीर ठेवायची सवय आहे. हिंदुस्थानातलं ब्रिटिश सैन्य हे त्या सवयीचं माहेरघर. खाट, मेज, कपाट, सगळं घडी घालून बैलगाडीवर. याच परंपरेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुडकीला, सॅपर्सच्या म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या मुख्यालयात, खिळा-स्क्रूशिवाय जुळणारी आणि सुटी होणारी खुर्ची घडली. तिच्यावरून डेन्मार्कच्या कोरे क्लिंटने १९३३ साली 'सफारी' खुर्ची केली आणि ती आधुनिक म्हणून जगभर गेली.

रेल्वेला हेच हवं होतं. वेटिंग रूममध्ये चार जण पाय पसरून पडले तर पाचव्याला दारापर्यंत जाता येऊ नये, हे कसं चालेल? हात आत वळवले की वाट मोकळी. छावणीची युक्ती रेल्वेने उचलली आणि रेल्वेने ती वरठीपर्यंत आणली.

विणकामाचं मात्र उलटं, ते बाहेरून आलं. वेत हा मलायी मुलुखाचा, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून तो लंडनला गेला आणि १६६० नंतर तिकडे वेताच्या खुर्च्यांची लाट आली. आमच्या झाडीपट्टीत बुरुडांचा हात बांबूवर बसलेला: सूप, टोपली, तट्ट्या. बांबू पोकळ, वेत भरीव. आडव्या-उभ्या-तिरप्या सहा फेऱ्यांची ती जाळी आमच्याकडची नव्हे. सरकारी कचेऱ्यांत आणि रेल्वेत खुर्च्या पुन्हा विणायचं काम बहुधा अंध कारागिरांकडे असे, कारण अंधशाळांमधून ते रीतसर शिकवलं जाई. भोकं बोटांनी मोजायची, ओला वेत ओढून घ्यायचा, सुकला की तो आपोआप ताणतो. अशी जाळी टिचकी मारली की ढोलकीसारखी वाजते.

आता घ्यायचीच असेल तर खुर्ची आधी उलटी करा. चौकटीला ओळीने भोकं दिसली तर हाताचं विणकाम. भोकांऐवजी वरच्या बाजूला खाच आणि तिच्यात दाबून बसवलेली दोरी दिसली तर तयार जाळी चिकटवलेली, तिचे पैसे कमी द्या. जाळीच्या खालच्या अंगावर पाण्याचा थेंब टाका: वेत तो पितो आणि काळपटतो, प्लॅस्टिक पीत नाही. मग दोन्ही हात बाहेर काढून टोकावर तळवा दाबा. बोटभराहून जास्त लवले तर बोल्टाचं भोक लांबट झालंय. ते सागाची खुंटी डिंकाने ठोकून, नव्याने भोक पाडून बरं होतं, तेवढ्यासाठी खुर्ची सोडू नका. स्पिरिटचा बोळा लपलेल्या कोपऱ्यात फिरवा. चिकट झालं तर ते जुनं लाखेचं पॉलिश, आमच्या भंडारा-गोंदियाच्या पळसांवर होते तीच लाख. काहीच झालं नाही तर वरून नवा थर दिलाय आणि त्याखाली लांबी भरलेली असू शकते. चारही पाय मोजा. कुजलेली टोकं कापलेली असली की पाठीचा उतार बिघडतो आणि मग मानेला रग लागते. ओसरी अरुंद असेल तर पक्क्या हातांची घेऊच नका.

आणि एक मागणं. तुमच्या घरी अशी जुनी खुर्ची असेल तर बैठकीखाली टॉर्च मारून बघा. जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला), बी. एन. आर. अशी रेल्वेची अक्षरं असतील तर हात फिरते आहेत की पक्के, तेवढं कळवा. रेल्वेच्या पाच-सहा खुर्च्या पक्क्या हातांच्या निघाल्या तर माझा छावणीचा सिद्धान्त मी मुकाट्याने मागे घेईन.