संवाद, गाणं आणि एकच गळा

गाणं आणि संवाद एकाच जागेतून यावेत की वेगवेगळ्या? प्रश्न होम थिएटरवाल्यांचा वाटतो, पण सांगलीत तो १८४३ सालापासूनचा आहे. त्या वर्षी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केलं. त्यात पदं म्हणायचा सूत्रधार आणि बोलायची पात्रं. पुढे १८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आलं आणि नट स्वतःच गाऊ लागले. बोलता बोलता गाणं सुरू झालं, तरी गळा तोच. मराठी प्रेक्षकाच्या कानाला ती सवय लागली.

ध्वनिवर्धकांची वाटचाल उलट झाली. सुरुवातीच्या बोलपटांच्या काळात अॅम्प्लिफायरची ताकद जेमतेम काही वॅटची. एवढ्यावर अख्खं थिएटर भरायचं तर कर्णा हवाच. म्हणून चित्रपटगृहांत हॉर्न आले. घरात मात्र वेगळंच घराणं रुजलं: १९२५ साली राइस आणि केलॉग यांनी मांडलेलं, कॉइलने हलणाऱ्या शंकूचं. १९९२ साली आलेल्या डॉल्बी डिजिटलमध्ये गडगडाटासाठी स्वतंत्र वाहिनी होती. तोच साचा नंतर घरी आला: संवाद मधल्या स्पीकरमधून, धमाके सबवूफरमधून. म्हणजे सूत्रधार पुन्हा वेगळा झाला!

साताऱ्याच्या आमच्या घरासाठी संच घ्यायचा होता. आईला तंबोऱ्यावरचं गाणं हवं, बाबांना आणि मला सिनेमे. पैसे एकाच संचापुरते. इंजिनियरिंग सांगलीत केल्यामुळे मिरज ओळखीची होती, त्यामुळे कसोटी तिथूनच घेतली.

मिरजेचे शिकलगार मुळात हत्यारं करणारे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांची मागणी आटल्यावर ते वाद्यांकडे वळले. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची सगळी किमया जवारीत असते. घोडीचा माथा किंचित गोलसर, तारेखाली सुताचा धागा. त्यामुळे एका तारेतून स्वरांची अख्खी माळ उमटते. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनी या घोडीवर लिहिलं आहे. तार जिथे छेडली तिथे न उमटायला हवे ते स्वरही यात ऐकू येतात, हे त्यांनी दाखवलं.

आता आकडे पाहा. काळी एकच्या गायकाचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. होम थिएटरमध्ये सबवूफरकडे आवाज वळवण्याची रूढ सीमा ८० हर्ट्झ. म्हणजे खर्जाचा पाया बराचसा सबवूफरकडे जातो आणि त्याच तारेची वरची माळ पुढच्या स्पीकरकडे राहते. दोघांची वेळ आणि पातळी जुळली नाही, तर तंबोरा सैल पडतो. बाँबस्फोटात ही चूक लपते, तंबोऱ्यात नाही.

त्यात आमचा हॉल १६ फूट लांब. या लांबीत ७० हर्ट्झच्या आसपास लाट अडकून राहते, नेमकी खर्जाजवळ. भिंतीला टेकून बसलं की खर्ज घुमतो, भिंतीपासून चार फुटांवर तो जवळजवळ विरतो. कितीही महागडा स्पीकर हे बदलू शकत नाही. खुर्ची सरकवणं मात्र फुकट आहे.

म्हणून निवड अशी केली: पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेचे. डावा-उजवा उभे, स्वतःच्या बळावर ४० हर्ट्झपर्यंत उतरणारे. गाणं ऐकताना सबवूफर बंद. मागचे दोन साधे, छोटे. सबवूफर मागच्या कोपऱ्यात न ठेवता पुढच्या भिंतीशी.

बाबांची तक्रार आहे की दणका कमी वाटतो. ती खरी आहे, तेवढी किंमत मोजली. पण जुन्या सिनेमात नायिका बोलता बोलता गाऊ लागते, तेव्हा आमच्या हॉलमध्ये तिचा गळा बदलत नाही. १८८० साली प्रेक्षकांना जे मिळालं, ते मला घरात हवं होतं.