मागल्या बाकावरचे एक वर्ष

संसदेचा इतिहास सांगताना मंत्र्यांची आणि विरोधी पक्षनेत्यांची नावे ओठांवर येतात. मागल्या बाकावर बसणारा सभासद सहसा कोणाच्या स्मरणात राहत नाही. त्याच्या हाती खाते नसते, आणि तो सत्ताधारी पक्षाचा असला तर पक्षशिस्तीचे बंधनही असते. अशा सभासदाने एका वर्षात काय साधावे? फिरोज गांधी यांचे डिसेंबर १९५५ पासूनचे वर्ष या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पंडित नेहरूंचे हे जामात १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातून काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. साडेतीन वर्षे सभागृहात त्यांचा आवाज फारसा उमटला नाही. मग डिसेंबर १९५५ मध्ये विम्याच्या प्रश्नावर ते उभे राहिले आणि भारत इन्शुरन्स कंपनीच्या पैशाचा रामकृष्ण दालमिया कसा विनियोग करीत होते, ते त्यांनी उघड केले. त्याच कंपनीच्या पैशाच्या अपहाराबद्दल दालमिया पुढे दोषी ठरले. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम केला.

१९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, तीही आकाशवाणीवरून. त्याची तयारी सरकारात गुप्तपणे चालू होती. सारे श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. परंतु विमेदाराची पुंजी धोक्यात आहे, हे लोकांना त्या भाषणाने पटले, यात शंका नाही.

त्यांचे दुसरे कार्य मात्र अधिक दूरगामी ठरले. संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदाने सभागृहातील भाषणाबद्दल सभासदाला अभय दिले होते. तेच भाषण छापणाऱ्या वृत्तपत्राला मात्र अब्रुनुकसानीच्या खटल्याची धास्ती असे. सभागृहातले सत्य भिंतीबाहेर पडावयाचे कसे? फिरोज गांधींनी यासाठी स्वतःचे विधेयक मांडले आणि १९५६ मध्ये त्याचा कायदा झाला. कामकाजाचा मूलतः खरा, लोकहिताचा आणि द्वेषबुद्धी नसलेला वृत्तांत आता निर्भयपणे छापता येऊ लागला. आकाशवाणीच्या प्रक्षेपणालाही हे संरक्षण मिळाले. स्वातंत्र्यानंतर बिनसरकारी विधेयकांतून अवघे चौदा कायदे झाले, हे ध्यानात घेतले म्हणजे या यशाचे मोल कळते.

१९६० मध्ये फिरोज गांधी निवर्तले. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणीच्या काळात, हा कायदा वटहुकमाने रद्द झाला. तेव्हा पंतप्रधान होत्या त्यांच्याच पत्नी, इंदिरा गांधी. १९७७ मध्ये सत्तांतर झाल्यावर तो पुन्हा करण्यात आला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्याचे तत्त्व संविधानातच समाविष्ट झाले. दडपशाहीला जो कायदा आधी दूर करावासा वाटला, तो मागल्या बाकावरच्या एका सभासदाने आपल्या एका वर्षात देशाला दिला होता.